व्याह्यांची रजई

माणसानं लग्नाच्या पंगतीत बसून बोलू नये. जेवावं, हात धुवावेत, पान खावं आणि गप्प राहावं. बाबारावांना हे कळत नव्हतं असं नाही. पण मे महिन्याचं ऊन, पोरीचं लग्न सुरळीत पार पडल्याचा आनंद, पोटात दोन द्रोण बासुंदी आणि शेजारी बसलेले नवेकोरे व्याही, एवढं सगळं एकदम डोक्यात चढलं आणि जीभ सैल सुटली.

व्याही म्हणजे बळीरामजी. नागपूरला गिरणीत जॉबर, म्हणजे मजुरांवरचे मुकादम. माणूस लाखातला, पण नागपूरचा. संत्रं खावं तर नागपूरचं, भाषण ऐकावं तर नागपूरचं, आणि घामसुद्धा गाळावा तर नागपूरच्याच उन्हात, असा त्यांचा एकंदर खाक्या होता. उपरण्यानं वारा घेत घेत ते म्हणाले की तुमच्या यवतमाळकडं ऊन आहे, ते मी मान्य करतो. थंडी मात्र तुमच्या इकडं नावाला नाही. थंडी पाहावी ती नागपूरची. दुसरा कोणी असता तर "असेल बुवा" म्हणून त्यानं कढी मागितली असती. बाबाराव ताठ बसले आणि सगळ्या पंगतीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "हिवाळ्यात या, व्याहीबुवा. आमची थंडी बी दाखवतो अन् रजईत झोपवतो."

कढी वाढायला आलेल्या इंदूबाईंच्या हातातला डाव तिथंच थांबला. नवऱ्यानं काय शब्द दिला ते त्यांना कळलं होतं, आणि घरात रजई नाही हेही त्यांना ठाऊक होतं. आज नव्हती आणि आधीही कधी नव्हती. होत्या त्या जुन्या लुगड्यांच्या गोधड्या. त्यांच्या गावात थंडी यायची ती पाहुण्यासारखी, चार दिवस राहून जायची. तेवढ्यासाठी कोण रजई शिवत बसतो? मांडव उतरल्यावर इंदूबाईंनी एकच प्रश्न विचारला. "अजी, कोनती रजई?" बाबाराव मांडवाच्या दोऱ्या गुंडाळायला लागले. हिवाळा लांब होता, आणि व्याही असं बोलणं थोडंच मनावर घेतात, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली.

ही गोष्ट साठ सालानंतरच्या एका हिवाळ्याची. गाव दारव्ह्याच्या अलीकडचं, अरुंद रुळांच्या छोट्या गाडीच्या रस्त्यावरचं. नाव मुद्दामच सांगत नाही, कारण तिथल्या नाकेदाराशी आमचं अजून बोलणं आहे. बाबाराव त्या गावच्या कमेटीत, म्हणजे आता ज्याला नगरपालिका म्हणतात तिथं, कारकून होते. दाखले देण्याचं टेबल त्यांचं. त्यांच्या हाताखाली माणूस कोणी नव्हता, पण शिक्का होता, आणि शिक्का असला की माणसाला हाताखाली कोणी लागत नाही.

तर त्या साली डिसेंबर संपता संपता उत्तरेकडून वारा सुटला आणि थंडी आली. अशी आली की म्हाताऱ्यांनीही कान धरले. खोबरेल तेल दरसालच थिजतं, त्याचं कौतुक नाही. पण यंदा शेतातली तूर एका रात्रीत पोळल्यासारखी काळी पडली. गुरांच्या टाक्यावर एका सकाळी पापडाएवढं पातळ काहीतरी दिसलं, आणि तो बर्फ होता की नव्हता यावरून गावात दोन तट पडले. शाळा अंगणात भरू लागली. कमेटीची कचेरी तर उन्हाबरोबर चालायला लागली. सकाळी टेबलं पूर्वेच्या ओट्यावर, दुपारी चिंचेच्या पलीकडं, तिसऱ्या प्रहरी कोंडवाड्याच्या भिंतीशी. दाखल्यासाठी आलेला माणूस आधी ऊन कुठं आहे ते पाहायचा आणि मग बाबारावांना शोधायचा.

बाबाराव खुशीत होते. थंडी म्हणजे जणू त्यांच्याच घरचं कार्य होतं. नागपूरच्या नाकावर टिच्चून आपल्या गावात बर्फ पडतो आहे, असं ते चहाच्या दुकानात सांगत सुटले. ही बातमी कोणाबरोबर तरी नागपूरला पोचली, आणि आठ दिवसांत तिकडून उलट निरोप आला. बळीरामजी म्हणत होते की महिनाअखेरीला थंडी पाहायला येतो. बरोबर जावई धर्मपालही येतील; लेक शेवंता महिनाभर माहेरी आहेच, तिला घेऊन परत जाऊ. रजई तयार ठेवा.

निरोप ऐकून बाबारावांनी यवतमाळला रजई केवढ्याला मिळते याची चौकशी सुरू केली.

शेजारच्या मथुराबाईंना हे कळायला वेळ लागला नाही. मथुराबाईंना वय होतं, एक म्हैस होती आणि प्रत्येक गोष्टीवर मत होतं. त्यांना पडलेला प्रश्न वेगळाच होता. बाबारावांनी छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हापासून त्यांच्या घरात संक्रांत नव्हती, जावयाला हलव्याचे दागिने घालायचा प्रश्न नव्हता. मग सण नाही तर जावई येतोच कशाला? थंडी पाहायला येतो, असं बाबारावांनी सांगितलं. ते मथुराबाईंना पटलं नाही, पण जावई येतो म्हटल्यावर कारण त्यांनाही नको होतं. सण सोडता येतात, जावई सोडता येत नाही, एवढं बोलून त्या कामाला लागल्या. यवतमाळहून तयार रजई आणतो, असं बाबाराव म्हणायला आणि मथुराबाईंनी कपाळाला हात लावायला एकच गाठ पडली. "कापसाच्या मुलखात राहून रजई इकत आनता, बाबाराव? लोक तोंडात शेन घालतीन."

झालं. इथल्याच कापसाची, घरी पिंजलेली, घरी भरलेली रजई करायची, असं ठरलं.

आता इथं थोडा हिशेब सांगावा लागतो, त्याला इलाज नाही. आपल्याकडं पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक असतं की कपाशीत दोन वाटे सरकी निघते आणि एक वाटा रुई. रहमत पिंजाऱ्यानं सांगितलं की दोन माणसांच्या रजईला सहा शेर रुई पुरे. बाबारावांनी लगेच त्याची तिप्पट केली आणि तांड्यावर कपाशी पिकवणाऱ्या खेमसिंगला निरोप धाडला की अठरा शेर पाठव. निरोप मिळाल्यावर खेमसिंगनं विचार केला. कारकून माणूस, कचेरीत बसणारा, त्याला सरकीचं काय कळणार? त्याला रजईत भरायला अठरा शेर रुई पाहिजे असेल. बिचाऱ्याची फजिती नको, म्हणून खेमसिंगनंही त्याची तिप्पट केली. दोघेही जाणते होते, दोघांचाही हिशेब बरोबर होता, आणि म्हणूनच सहा शेरांच्या रजईसाठी कपाशीची अख्खी बंडी, म्हणजे बैलगाडी, गावाकडं निघाली. एकजण जरी अडाणी असता तरी ही गोष्ट घडली नसती.

बंडी कमेटीच्या जकात नाक्यावर अडली. नाकेदार गुलाबसिंग उसळून म्हणाला की एवढा कापूस काही घरच्यासाठी नसतो, हा व्यापार आहे. घरच्यासाठी असेल तर तसा दाखला पाहिजे. बाबाराव लगबगीनं नाक्यावर गेले आणि हसत हसत म्हणाले की अरे, दाखला देणारा मीच आहे. गुलाबसिंगनं हात जोडले. बाबारावांवर त्याची फार भक्ती होती. पण दोन वर्षांमागं बाबारावांनीच त्याला तासभर उभं करून समजावलं होतं की जो अर्जदार तोच दाखला देणारा, असं कधी होऊ द्यायचं नाही, सख्खा बाप आला तरी. "साहेब, तुमीच तं शिकवलं मले," तो म्हणाला. आपलेच दात आणि आपलेच ओठ.

अशा वेळी सही हेडक्लार्कची चालायची. हेडक्लार्क थंडीमुळं रजेवर होते, म्हणजे घरी खाटेवर चार कांबळी घेऊन पडले होते. बाबाराव अर्ज घेऊन गेले. हेडक्लार्कांनी कांबळ्यातून नुसते डोळे बाहेर काढून सगळं ऐकून घेतलं. काम रास्त आहे म्हणाले. पण सही करायची म्हणजे हात बाहेर काढावा लागणार, आणि हात काही ते बाहेर काढणार नव्हते. "उद्या या," असा कांबळ्याच्या आतून आवाज आला. वीस वर्षं हे दोन शब्द बाबारावांनी लोकांना ऐकवले होते; ते ऐकायला एवढे वाईट लागतात हे त्यांना त्या दिवशी प्रथम कळलं. दुसऱ्या दिवशीही तेच झालं. इकडं बंडी नाक्यावर उभी, खेमसिंगचे बैल बाबारावांच्या दारचा कडबा खाऊन राहिलेले, आणि खुद्द खेमसिंग बाबारावांच्या ओट्यावर मुक्कामाला. कापूस परत ने म्हणावं तर तो तयार नव्हता. विकलेला माल घरी परत नेला तर तांड्यावर तोंड दाखवायची सोय नाही, असं त्याचं म्हणणं होतं.

शेवटी इंदूबाईंनी तोड काढली. त्यांनी आलं घालून चहा केला, पितळी गडवा पदरानं धरला आणि त्याही बाबारावांबरोबर गेल्या. चहाचा वास आला तसा हेडक्लार्कांचा उजवा हात आपण होऊन कांबळ्याबाहेर आला. त्या हातात कप पडायच्या आत बाबारावांनी टाक दिला. सही झाली. चहा नंतर दिला.

कपाशी घरात आली आणि घरात माणसांना जागा उरली नाही. मशीननं सरकी काढणाऱ्या जिनवाल्याकडं विचारलं तर एवढ्याशा कापसासाठी मशीन चालवत नाही, असं तो हसून म्हणाला. इकडं घरात तर शिंकायला जागा नव्हती. मग गल्लीतल्या बायका दुपारी उन्हात बसून हातानं सरकी काढू लागल्या. काम बोटांचं होतं, पण बोटांबरोबर तोंडंही चालायची, आणि त्या ओट्यावर गावातल्या निम्म्या घरांची सरकी वेगळी निघाली. खरी सरकी मात्र रोज संध्याकाळी मथुराबाई टोपलीत भरून न्यायच्या. कचरा कायले ठेवता घरात, म्हणायच्या. पंधरा दिवसांत त्यांची म्हैस अशी काही दूध द्यायला लागली की गवळी चौकशीला आला. आता बाबारावांच्या ध्यानात आलं की मथुराबाईंचा प्रत्येक सल्ला जास्त कापसाकडंच का जायचा. पण थोडी रुई गल्लीत वाटून टाकू, असं ते म्हणाले तेव्हाही मथुराबाईंनी ते होऊ दिलं नाही. जावयाच्या नावानं आणलेला कापूस दुसऱ्याच्या उशीत गेला तर जावयाला झोप लागत नाही म्हणे. असं कुठं ऐकलं, ते त्यांनी सांगितलं नाही.

रहमत आपली धनुकली घेऊन आला. त्याला कोणतीही अडचण सांगा, "हो जाएगा, साहब" हे एकच उत्तर. बाहेर वारा, म्हणून तो समोरच्या खोलीतच पिंजायला बसला. इंदूबाईंनी बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या फोटोंवर स्वच्छ धुतलेली फडकी टाकली; बाकी घर मात्र उघडं राहिलं. मग वरणात कापूस, भाकरीत कापूस, पाण्याच्या माठात कापूस. बाबाराव मिशी झटकायला विसरून कचेरीत गेले तेव्हा लोक उठून उभे राहिले. एका रात्रीत पिकलेला माणूस म्हणजे घरात काहीतरी वाईट घडलं असणार, असं त्यांना वाटलं. दोघांनी तर सांत्वनही केलं. बाबारावांनी ते मुकाट्यानं घेतलं, कारण शिंका येत असताना खुलासा करता येत नाही.

रुई तिप्पट निघाल्यावर खोळही तिप्पट झाली. वरून लाल खारव्याचं जाड कापड लावलं, पण खालच्या बाजूला पुरेना. तेव्हा गल्लीतल्या बायकांनी आपापलं एक एक जुनं लुगडं दिलं. शेवंता आणि इंदूबाई चार दिवस टाके घालत होत्या. रजई झाली तेव्हा ती या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत होती, आणि तिच्यावरून चालत गेल्याशिवाय स्वयंपाकघरात जाता येत नव्हतं. एकटा माणूस तिच्याखाली शिरला तर परत कुठून निघेल ते सांगता येत नव्हतं. पण बाबारावांनी एकदा आत पाय घातले आणि त्यांना असं काही ऊबदार वाटलं की सगळी दगदग ते विसरले. येऊ द्या म्हणाले आता नागपूरला. खुशाल येऊ द्या.

व्याही यायला चार दिवस होते. नव्या रजईला ऊन दाखवावं, असं मथुराबाई म्हणाल्या, आणि यात म्हशीचा काही संबंध नसल्यामुळं बाबारावांनी तो सल्ला निर्धास्त मानला. अंगणात चार बाजा जोडल्या, बाजाराला आलेल्या खेमसिंगनं, रहमतनं आणि आणखी तिघांनी मिळून रजई बाहेर आणली, पसरली. ऊन लख्ख होतं. बाबाराव कचेरीत गेले, इंदूबाई आणि शेवंता बाजारात. बाराच्या सुमाराला पश्चिमेकडून काळं आलं. जानेवारीत पाऊस येत नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून कोणी उठलं नाही. पाऊस आला. पावसाबरोबर बोराएवढ्या गारा आल्या. कमेटीची टेबलं चिंचेच्या पलीकडं होती, ती आत नेईपर्यंत गावाचे अर्धे दाखले धुऊन निघाले. पण बाबाराव टेबलापाशी नव्हतेच. ते भर गारांत घराकडं पळत सुटले होते, डोक्यावर रजिस्टर धरून.

अंगणात येऊन ते उभे राहिले. चारही बाजांच्या दोऱ्या ताणून जमिनीला टेकल्या होत्या आणि मध्ये रजई लाल तळ्यासारखी पसरली होती, वर गारा तरंगत होत्या. बाबाराव ओल्या ओट्यावर बसले. त्यांना रडू आलं नाही, पण यायला हरकत नव्हती. लोकांसमोर दिलेला शब्द, तो असा अंगणात निथळत होता. रहमत धावत आला, त्यानं एक कोपरा पिळून पाहिला आणि नेहमीसारखं म्हणाला, "सूख जाएगी साहब, हो जाएगा." कधी, असं बाबारावांनी विचारलं. त्यानं आकाशाकडं पाहिलं आणि होळीपर्यंत, असं सांगितलं.

भिजलेली रजई उचलायला आठ माणसं लागली, तरी ती उठली नाही. मग तिथंच खोळ उसवली आणि रुईचे ओले गोळे टोपल्यांत भरले. एवढी रुई दोन दिवसांत वाळवायची तर गावात एकच जागा होती, अब्दुल गनींची बेकरी. अब्दुल गनींची भट्टी कधी विझत नसे, आणि त्या थंडीत गावाचं खरं सुख तिथंच होतं. अब्दुल गनी तोलून बोलणारे. सगळं ऐकून घेऊन ते म्हणाले, "बाबाराव, मेहमान तुमचे आहेत तसे गावाचे बी आहेत. पन नानकटाईत कापूस आला तं गिऱ्हाईक तुमच्या घरी पाठवीन." भट्टीच्या वरच्या गरम कट्ट्यावर रुई पसरली. दोन दिवस ती तिथं नानकटाईच्या आणि खारीच्या वासात वाळली. नानकटाईत कापूस आलाच, पण थंडीत लोक गरम खाण्याकडं पाहतात, आत काय आहे तिकडं पाहत नाहीत. रहमतनं पुन्हा पिंजलं, बायकांनी पुन्हा टाके घातले, आणि व्याही यायच्या आदल्या संध्याकाळी रजई उभी राहिली. उभी राहिली असंच म्हणावं लागेल, कारण घडी केल्यावर ती बाबारावांच्या खांद्याला लागत होती. बाबाराव त्या दिवशी पोटभर जेवले.

सकाळी त्यांना जाग आली आणि काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. पायाशी गोधडी गेली होती आणि त्यांना थंडी वाजत नव्हती. ते अंगणात आले. ढग आले होते, वारा दक्षिणेकडून येत होता, मऊ, ओलसर. मथुराबाई म्हशीशी बोलत होत्या, अंगावर घोंगडी नव्हती. समोरून गुलाबसिंग बंडी घालून गेला, म्हणजे अंगात नुसती बंडी घालून, आणि सुटलो बाप्पा थंडीतून, असं ओरडून सांगून गेला. सारा गाव सुटला होता, एकटे बाबाराव अडकले होते. बैल गेला आणि झोपा केला, तशातली गत. त्या दिवशी कमेटीची टेबलं प्रथमच आत होती.

दुपारच्या गाडीनं बळीरामजी आणि धर्मपाल उतरले. बळीरामजींनी दोन स्वेटर, कानटोपी आणि मफलर असा सरंजाम आणला होता; स्टेशनपासून घरी येईपर्यंत त्यातला मफलर सुटला, मग कानटोपी गेली, मग एक स्वेटर हातावर आला. चहा पिताना दोघा व्याह्यांच्या कपाळावर घाम होता, आणि दोघेही जोंधळ्याच्या भावाबद्दल बोलत होते. रजई दाखवली तेव्हा बळीरामजींनी तिच्याभोवती एक चक्कर मारली, हात लावून पाहिला, आणि नुसतं "बाप रे" म्हणाले.

जेवणं झाल्यावर बाबारावांनी दोघा पाहुण्यांना समोरच्या खोलीत निजवलं आणि स्वतःच्या हातानं रजई त्यांच्या अंगावर ओढली. इंदूबाईंनी दारातून खुणेनं सांगून पाहिलं, राहू द्या, उकडतंय. पण शब्द म्हणजे शब्द. रजईत झोपवतो म्हटलं होतं, झोपवलं. आतल्या खोलीत बाबाराव डोळे उघडे ठेवून पडले. आता व्याही हाक मारतील, काढा हो ही रजई म्हणतील, आणि नागपूरला गेल्यावर गिरणीच्या फाटकाशी उभं राहून साऱ्या खात्याला सांगतील की यवतमाळकडं थंडी नाही, नुसता कापूस आहे. हाक काही आली नाही.

उजाडल्यावर बाबाराव दबकत खोलीत गेले. धर्मपाल जागेवर नव्हते. ते ओट्यावर सापडले, उघड्या जमिनीवर बंडी काढून गाढ झोपलेले. नंतर म्हणाले की थंडी पाहायला बाहेर आलतो. बळीरामजी मात्र जागच्या जागी होते. रजई हनुवटीपर्यंत ओढलेली. केस न्हाल्यासारखे ओले, गालावरून धारा, उशी चिंब. बाबाराव त्यांच्याकडं पाहत उभे राहिले. बळीरामजींनी एक हात बाहेर काढून कपाळ पुसलं, आणि घसा खाकरला.

"बाबारावजी, हरलो मी," ते म्हणाले. "एवढी थंडी नागपुरात नाही पाह्यली. रजई नसती तं रात्र निघाली नसती."

बाबारावांना एकदम भरून आलं. त्यांनी इंदूबाईंना हाक मारून चहा आणायला सांगितलं. बळीरामजी अजून रजईतच होते. बाबाराव म्हणाले, "आता ऊन आलं, व्याहीबुवा. काढली तरी चालंन." तेव्हा कुठं बळीरामजी बाहेर आले. रजईला मात्र भुकेचा वास येतो, एवढी एक तक्रार त्यांनी केली; रात्रभर नानकटाई खाल्ल्याची स्वप्नं पडली म्हणे. अब्दुल गनींनी सकाळीच डबा भरून पाठवला होता, तो दोघांनी समोरासमोर बसून संपवला. व्याह्यांनी लग्नापासून एवढ्या मोकळ्या गप्पा कधी मारल्या नव्हत्या.

दोन दिवसांनी निघायची वेळ आली तेव्हा मथुराबाई दारात येऊन उभ्या राहिल्या आणि सर्वांदेखत म्हणाल्या की जावयानं पहिल्यांदा घेतलेलं पांघरूण परत घ्यायचं नसतं, ते त्याच्याबरोबर जातं. ती रजई बाबारावांनी व्याही गेल्यावर घरात वापरायची ठरवली होती, इंदूबाईंनी तर कोणाची बाजू कुठली तेही ठरवलं होतं. पण नाही कसं म्हणणार? "ते सांगायले पाह्यजे का?" असं ते मोठ्यानं म्हणाले, आणि स्वतःच रजई बांधायला बसले. गल्लीतल्या बायका आपापल्या लुगड्याचा तुकडा शेवटचा पाहून गेल्या. छोट्या गाडीत एक अख्खं बाक रजईनं घेतलं. बळीरामजी तिच्यावरच बसले, एवढे उंच की त्यांचं डोकं वरच्या फळीला लागत होतं. शेवंता खिडकीतून हात हलवत होती. गाडी हळूहळू जाणारी, तेव्हा बाबारावांना बराच वेळ बरोबर चालता आलं. फलाट संपला तिथं ते थांबले.

घरी परत येताना वारा फिरला होता. उत्तरेकडून येत होता, कोरडा, कानाला झोंबणारा. दिवेलागणीपर्यंत थंडी पुन्हा पूर्वीसारखी उभी ठाकली, जणू पाहुणे जायची वाट पाहत होती. समोरची खोली एकदम मोठी आणि रिकामी दिसत होती. कोपऱ्यात तेवढा एक कापसाचा पुंजका राहिला होता, तो इंदूबाईंनी उचलून बाबारावांच्या कानात घातला. पोर गेली, रजई गेली. इंदूबाईंनी पेटीच्या तळातून आपली जुनी गोधडी काढली, मधे भोक पडलेली, आणि बाबारावांच्या अंगावर घातली. बाबाराव गुडघे पोटाशी घेऊन पडले. त्यांचे दात वाजत होते, पण चेहऱ्यावर हसू होतं. बळीरामजींचा तो ओला चेहरा त्यांच्या डोळ्यांपुढून हलत नव्हता.

इंदूबाईंनी विचारलं, "अजी, थंडी वाजून राह्यली का?"

"छ्या," बाबाराव म्हणाले. "उकडून राह्यलं मले."

इंदूबाईंनी आपल्या वाट्याची गोधडीही त्यांच्याच अंगावर घातली आणि शेजारी बसून राहिल्या.